बसलेल्या इंजिनाची पिकअप

टोमॅटोचा हंगाम भरात असताना भाड्याची पिकअप वेळेवर मिळवणं हे टोमॅटो पिकवण्याहून अवघड आहे, हे दिंडोरी-निफाडकडच्या कुणालाही वेगळं सांगायला नको. दुपारपर्यंत तोडणी उरकते, वीस किलोचे क्रेट बांधावर रचून होतात आणि मग पिकअपवाल्याला फोनावर फोन सुरू होतात. ‘निघालोच दादा,’ म्हणतो. निघालेला असतो, पण दुसऱ्याचा माल घेऊन. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात उशिरा पोचलेल्या मालाला पडेल तो भाव घ्यायचा, वर भाडं मोजायचं आणि मुकाट घरी यायचं. लॉकडाउन उठल्यानंतरच्या हंगामात हे इतकं झालं की स्वतःची गाडी घ्यायचं घरात ठरूनच गेलं.

नवी घ्यायची तर हप्ते. शेतकऱ्याच्या घरी हप्त्याची तारीख चुकत नाही, भाव चुकतो. चालू स्थितीतली जुनी पाहायला लागलो तर तेव्हा अडीच-तीन लाखांच्या खाली कुणी बोलेना, आणि त्यातला मोठा वाटा इंजिनाचा. ते आतून कसं आहे हे विकणाऱ्यालाच ठाऊक. जाड ऑइल भरून दोन दिवस आवाज दाबता येतो, धूर कमी दाखवता येतो, आदल्या संध्याकाळी धुऊन गळती लपवता येते. मग माझ्या डोक्यात उलटा हिशोब सुरू झाला. इंजिन बसलेलीच गाडी घेतली तर? मेलेल्या इंजिनाबद्दल कुणी खोटं बोलू शकत नाही. त्याचे पैसे द्यायचे नाहीत, पैसे द्यायचे ते चेसिसचे, गिअरबॉक्सचे, डिफरन्शियलचे आणि कागदांचे. इंजिन आपण समोर उभं राहून बनवून घ्यायचं.

मी शेतीत परत येण्याआधी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. मायक्रोमीटर, फट मोजायचा फीलर गेज रोज हातात. त्यामुळे मापाची भीती नव्हती. घरच्यांना मात्र हा उद्योग म्हणजे पैसे घालून भंगार घेणं वाटत होतं. वडील एवढंच म्हणाले, ‘घे, पण वाळूची घेऊ नको.’

हे वाक्य लाखाचं होतं. जुन्या पिकअपचा मीटर किती दाखवतो याला काडीचा अर्थ नाही, केबल काढलेली असते. तिने आयुष्यभर काय वाहिलं ते बघायचं. वाळू, विटा आणि खडी वाहिलेल्या गाडीचं चेसिस कॅबिनच्या मागे दबलेलं असतं. लांबून पाहिलं तर हौद आणि कॅबिन यांच्यामधली फट वर अरुंद, खाली रुंद दिसते, किंवा उलटी. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पाटा घातलेला दिसला तरी समजून जायचं. मासळीची गाडी मिठाच्या पाण्याने खालून कुजते. दुधाच्या गाडीचा हौद सडतो, कारण सांडलेलं दूध आणि कॅन धुतलेलं पाणी फळीखाली मुरत राहतं, पण ओझं बेताचं असल्याने चेसिस सरळ राहतं. हौद बदलता येतो, चेसिस नाही. म्हणून मी दुधाची गाडी शोधत होतो आणि ती कोपरगावकडे सापडली.

२००८ ची बोलेरो पिकअप. एका दूध संकलन करणाऱ्या काकांच्या गोठ्यामागे उभी. फाळका उघडला तर आंबूस वास आला आणि हौदाच्या पत्र्यातून खालची जमीन दिसली. टायर दोन बरे, दोन टाकाऊ. बॅटरी नाहीच. पण चेसिसला तारेच्या ब्रशने घासत पुढून मागे गेलो, वेल्डिंगचा एकही डाग नाही. पाटे मूळचे.

‘काका, इंजिन कशानं बसलं?’

‘गरम झालं अन् बंद पडलं. मिस्त्री म्हणला, फुल इंजिन करावं लागंल. मग दुसरी घेतली.’

‘आधी पण गरम व्हायची का?’

‘पाणी पीत होती की थोडं. एक कॅन पाण्याचा बरोबरच ठेवायचो.’

‘कुठलं पाणी?’

‘बोअरचं. दुसरं कुठलं आणायचं?’

तेव्हा मी फक्त मान हलवली. पण या चार वाक्यांत त्या इंजिनाचा सगळा पोस्टमॉर्टेम होता.

डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं. रेडिएटरच्या झाकणाखाली तपकिरी चिकट साय, म्हणजे ऑइलही पाण्यात आलेलं. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, तर गेलंच आहे, प्रश्न एवढाच होता की इंजिन जाम आहे का. पुढे क्रँकच्या पुलीचा बोल्ट असतो, त्याला लांब दांड्याचा पाना लावून हळूहळू जोर दिला. थोडा वेळ काही नाही, मग कुरकुरत फिरलं. पूर्ण दोन फेरे फिरवून घेतलं. कुठे अडलं नाही, म्हणजे पिस्टन तुटलेला नाही, राड वाकलेला नाही. मला तेवढंच हवं होतं.

त्यानंतर कागद. इथे घाई करणारे फसतात. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवायचा, आणि नुसता वाचून नाही. गंज घासून, त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवायची. अक्षरं जशीच्या तशी उमटतात. आरटीओतले साहेबही अशीच छाप घेतात. एखादं अक्षर बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरकं उठलं तर गाडी सोडून घरी यायचं. इंजिन नंबरही तसाच जुळवला, कारण मला तोच ब्लॉक ठेवायचा होता. कुर्ल्याच्या बाजारातून एखादं तयार इंजिन आणून बसवा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. स्वस्तही पडतं. पण इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, त्या इंजिनाचं बिल आणि मूळ कागद लागतात, आणि ते इंजिन कुठल्या गाडीतून निघालं हे बिल देणाराही छातीठोकपणे सांगत नाही.

आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच होता. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण काकांनी बोजा उतरवलेला नव्हता. बहुतेक जुन्या पिकअपची हीच कथा असते. त्यासाठी फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. ज्या शाखेतून कर्ज घेतलं ती बंद झालेली, दुसरी शाखा म्हणते तिकडे विचारा, तिकडचा माणूस फोन उचलत नाही. मी काकांना सरळ सांगितलं, एनओसी हातात आल्यावर बाकीचे पैसे. फिटनेस संपलेला, विमा संपलेला, हौद सडलेला असं सगळं मोजून व्यवहार एक लाख पाच हजारांवर तुटला. त्यातले वीस हजार इसार. कागद यायला बराच काळ गेला, पण इसारामुळे गाडी माझ्यासाठी अडकून राहिली आणि काकाही पाठपुरावा करत राहिले.

घरी आणायला सगळे म्हणत होते टोचन करून आण. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे बंद इंजिनाच्या गाडीचे ब्रेक. ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असताना तयार होतो. इंजिन बंद असलं की पेडल दगडासारखं होतं, दोन्ही पायांनी उभं राहिलं तरी गाडी पाहिजे तिथे थांबत नाही. सिन्नरच्या बाजूने नव्वदएक किलोमीटर असं यायचं म्हणजे पुढच्या गाडीचा मागचा फाळका आपल्या काचेत. रिकामी परत येणारी एक आयशर गाठली, मातीच्या धक्क्याला उलटी लावली आणि माणसं लावून पिकअप ढकलत आत चढवली.

आमच्या गावच्या मिस्त्रींकडे चेनकप्पीने इंजिन बाहेर काढलं. मिस्त्री जुने, हात सोन्याचा, बोलणं मोजकं. त्यांचं म्हणणं, हे इंजिन म्हणजे ट्रॅक्टरच. आणि ते खरंच आहे. हे डीआय, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरात मारणारं इंजिन २५२३ सीसीचं, बोअर ८८.९ मिमी, स्ट्रोक १०१.६ मिमी. हे विचित्र आकडे इंचात केले की उलगडतात: साडेतीन इंच आणि चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जुन्या ट्रॅक्टर इंजिनाचं हेच माप होतं, आणि महिंद्राने १९६३ साली ट्रॅक्टर बनवायला घेतले ते याच इंटरनॅशनलशी भागीदारी करून. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पुशरॉड, टॅपेट, डिझेल पंप, संपलं. ट्रॅक्टर खोलणारा कुणीही हे खोलू शकतो. महिंद्राची इंजिनं आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरीला बनतात, त्यामुळे सुटे भाग नाशकात मिळायचीही अडचण नाही.

हेड काढलं. गॅस्केट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांमध्ये जळून काळी रेघ पडलेली. हेडवर स्ट्रेट एज आडवी ठेवून फीलर गेज घातला तर मधोमध आठ थाऊची, म्हणजे इंचाच्या आठ हजारांशाची, पात सहज सरकली. हेड वाकलेलं. तीन नंबरच्या पिस्टनला एका बाजूने उभे ओरखडे, लायनरलाही, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीलाही, तसेच. खालचा चेंबर काढल्यावर बेरिंगवरचा राखाडी थर उडून तांबं उघडं पडलेलं दिसलं. पाणी मिसळलेलं ऑइल तेलासारखं काम करत नाही, मग धातू धातूला घासतो. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेरिंग बसतात त्या जागांवर, नख फिरवलं की ओळी लागत होत्या.

मिस्त्रींनी जागच्या जागी यादी सांगितली: स्लीव्ह म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, बेरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट किट. यादीत काही चूक नव्हती. पण ही सगळी जे मोडलं त्याची यादी होती. ते का मोडलं याचं एक अक्षर त्यात नव्हतं. मी म्हटलं, ‘मिस्त्री, हे सगळं नवीन घातलं आणि परत गरम झालं तर?’

‘नवीन इंजिन कशाला गरम होतंय?’

काकांचा पाण्याचा कॅन माझ्या डोक्यातून जात नव्हता. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या वाटीसारखे गोल प्लग असतात, वेल्च प्लग. ओतकामातली रेती काढायला ठेवलेली भोकं त्यांनी बुजवलेली असतात. मी मिस्त्रींना ते काढायला लावले. पुढचा प्लग काढला तर गंजाचं पाणी आलं. शेवटचा, चार नंबरच्या सिलिंडरजवळचा काढला तर काहीच आलं नाही. आत स्क्रूड्रायव्हर घातला तर तो पाव इंचावर थांबला. टकटक आवाज. ब्लॉकची भिंत वाटावी असं ते टणक होतं, पण भिंत नव्हती, क्षार होता. पांढरट-पिवळा, थरावर थर. तारेने, छिन्नीने, वाकवलेल्या सळईने खरवडत गेलो तसे खपलीएवढे तुकडे निघत राहिले. मागच्या बाजूला पाणी फिरायला जागाच उरलेली नव्हती. खाली ठेवलेलं घमेलं तळाला भरलं तेव्हा मिस्त्री स्वतः वाकून बघायला आले. एक तुकडा उचलला, बोटात चुरला आणि म्हणाले, ‘हे तर ठिबकमधलं.’

अगदी तेच. ठिबकच्या ड्रिपरमध्ये बसणारा पांढरा थर आणि हा, एकाच आईची लेकरं. जड पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की विरघळून राहत नाही, बाहेर पडतो, आणि जिथे सगळ्यात जास्त ताप तिथेच चिकटतो. म्हणजे इंजिनात ज्या जागेला थंड पाण्याची सर्वात जास्त गरज, नेमक्या तिथेच पाण्याची वाट बंद होते. थर उष्णता सोडत नाही, त्यामुळे लोखंड अजून तापतं, अजून थर बसतो. काका रोज पाणी कमी झालं म्हणून बोअरचं पाणी टाकत होते, आणि प्रत्येक कॅनबरोबर थोडा चुनाही. ठिबकला आपण ॲसिड सोडतो, इंजिनाला कोण सोडणार?

रेडिएटर सोल्डरिंगवाल्याकडे नेला. त्याने वरची टाकी उघडली, निम्म्याहून जास्त नळ्या बंद. रॉडिंग करून, म्हणजे पातळ पट्ट्या नळ्यांत घालून साफ करून दे म्हटलं तर तो म्हणाला पैसे वाया जातील, कोअर नवीन टाका. टाकला. वॉटर पंपाचा आतला पंखा गंजून बोथट झालेला, तोही नवीन. आणि थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नव्हताच. कुणीतरी कधीतरी काढून फेकलेला.

यावर माझं आणि मिस्त्रींचं चांगलंच वाजलं. आपल्याकडच्या बहुतेक मिस्त्रींचा थर्मोस्टॅटवर राग आहे. अडकला की गाडी गरम होते, मग ठेवायचाच कशाला? ऊन काय कमी आहे का? पण थर्मोस्टॅट इंजिन थंड ठेवायला नसतो, ते लवकर तापावं आणि ठरलेल्या तापमानावर राहावं म्हणून असतो. तो नसला की थंडीत पहाटे निघालेली गाडी बाजारात पोचेपर्यंत कोमटच राहते. कोमट इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि रिंगा-लायनर झिजतात. ॲव्हरेज पडतं ते वेगळंच.

मिस्त्री म्हणाले, ‘टाका, पण अडकला तर माझ्याकडे यायचं नाही.’ नवीन थर्मोस्टॅट आणला, त्यावर ८२ अंशांचा छाप होता. अडकतो का ते आधी बघू म्हणून घरी आणून गॅसवर पाणी ठेवलं. आईने चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला, रंगाचा एक जुना डबा मिळाला. थर्मोस्टॅट तारेला बांधून पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. सत्तर, पंचाहत्तर, काही नाही. ऐंशीच्या पुढे काटा गेला आणि मधली चकती केसाएवढी हलली. मग डोळ्यांदेखत उघडत गेली. गॅस बंद केला, पाणी निवलं तशी पुन्हा मिटली. आईला ते एवढं आवडलं की तिने परत एकदा करून दाखवायला लावलं.

मशीन शॉपचं काम सातपूरला दिलं. तिथे मी ठाण मांडून बसलो, कारण मापं आपल्यासमोर घेतली गेली की काम बदलतं. ब्लॉकमधून जुन्या स्लीव्ह प्रेसने काढल्या, नवीन दाबून बसवल्या, बोअर करून होनिंग केलं. होनिंगच्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या, तिरप्या जाळीसारख्या दिसायला हव्यात. त्या रेघांतच ऑइल थांबतं. क्रँक वीस थाऊवर ग्राइंड झाला, म्हणजे बेरिंगही वीस थाऊ अंडरसाइज. हेडचं फेसिंग म्हणजे तोंड सपाट करणं, व्हॉल्व्हचं सीट कटिंग, गाइड नवीन. हेडला तडा नाही ना हे दाबाखाली पाणी भरून तपासून घेतलं. तडा निघाला असता तर हिशोब कोलमडला असता. निघाला नाही.

सुटे भाग घेताना डुप्लिकेटचा त्रास सांगून सोडतो. एका दुकानातून रिंगांचा सेट घेतला, डबा अगदी कंपनीचा. घरी येऊन रिंग लायनरमध्ये सरळ ढकलून तोंडातली फट मोजली तर चारपैकी दोन सिलिंडरांत फट जवळजवळ दुप्पट. परत नेला तर दुकानदार म्हणतो, ‘उघडलेला माल घेत नाही.’ न उघडता फट कशी मोजायची हे त्याने सांगितलं नाही. दुसरा सेट दुसरीकडून घेतला. डब्यावरचा होलोग्राम, छापील किंमत आणि बिल या तिन्ही गोष्टी मागितल्या की दुकानदाराचा चेहराच पुष्कळ काही सांगतो.

जोडणीत मिस्त्रींचा हात आणि माझी मापं यांची जुगलबंदी झाली. बेरिंग कॅप आवळून ते क्रँक एका हाताने फिरवून बघायचे आणि ‘बरोबर आहे’ म्हणायचे. मी प्लॅस्टिगेजचा धागा घालून, तो दबून किती रुंद झाला त्यावरून क्लिअरन्स, म्हणजे आतली फट, मोजायचो. दरवेळी तेच बरोबर निघाले, हे इथे नोंदवून ठेवतो. पण हेड बोल्टांच्या बाबतीत मी ऐकलं नाही. पाइप लावून ‘बस झालं’ म्हणेपर्यंत ओढायचं ही पद्धत जुनी असली तरी हेड असंच वाकतं. चुलतभावाच्या कंपनीतून टॉर्क पाना मागून आणला. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून गोलाकार बाहेर जात, एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने. पाना ‘कट्’ वाजला की थांबायचं. मिस्त्रींच्या हेल्पर पोराला तो आवाज फार आवडला, शेवटचा फेरा त्यानेच मारला.

डिझेल पंप आणि नोझल पंपवाल्याकडे. हे काम गावात करू नये. टेस्ट बेंचवर चारही नळकांड्यांना सारखं डिझेल जातंय का आणि नोझल धुकं मारतोय की धार, एवढं बघायचं असतं. आमचा एक नोझल धार मारत होता. तीन नंबरचा. पिस्टनवरच्या ओरखड्यांना त्याचाही हातभार लागला असणार.

चालू करायच्या दिवशी आधी डिझेल बंद ठेवून सेल्फ मारत राहिलो, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. कोरड्या बेरिंगवर इंजिन सुरू करायचं नाही. मग डिझेलच्या पायपांतली एअर काढली. हातपंप दाबायचा, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की आवळायचा, तेच पुढे नोझलच्या पायपांवर. बोटं डिझेलने सुरकुतली. त्यानंतर सेल्फ मारला आणि इंजिनाने लगेच धरलं. पांढरा धूर, मग निळसर, मग काही नाही. टॅपेटची टकटक ऐकू येत होती, ती गरम झाल्यावर सेट केली.

आनंद फार टिकला नाही. दुसऱ्याच चक्करला क्लच हाउसिंगच्या खालून ऑइलचे थेंब. मागचं ऑइल सील. सील नवीन होतं, पण क्रँकच्या ज्या जागेवर ते बसतं तिथे जुन्या सीलने चर पाडलेला, आणि ग्राइंडिंग करताना त्या जागेकडे कुणी पाहिलं नव्हतं. मशीन शॉपवाला म्हणाला, तुम्ही सांगितलं नाही; मी म्हटलं, तुम्ही बघितलं नाही. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, सील थोडं पुढे सरकवून चर नसलेल्या जागेवर बसवलं. तेव्हापासून कोरडं आहे.

सुरुवातीला माल थोडाच भरायचा, पण गाडी नुसती उभी करून चालू ठेवायची नाही. रिंगा बसायला थोडा भार लागतोच. बिनभाराचं तासन्‌तास चालवलं की लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात आणि मग इंजिन कायमचं ऑइल पितं. पाचशे किलोमीटरला पहिलं ऑइल काढून टाकलं, त्यात चकाकी दिसली ती अपेक्षितच होती. हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर आवळले. रेडिएटरमध्ये तयार कूलंट. बोअरचं पाणी या गाडीला वर्ज्य आहे, बाटल्या सीटमागे असतात, आणि घरात कुणी गाडी नेली तरी त्याला आधी हे सांगितलं जातं.

हौदाला जाड चेकर्ड पत्रा मारला, आडव्या पट्ट्या नवीन वेल्ड केल्या, पाणी वाहून जायला कोपऱ्यात भोकं ठेवली. डेंटिंग-पेंटिंग जेवढ्यास तेवढं. पासिंगसाठी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल रिफ्लेक्टर टेप, स्पीड गव्हर्नर, पीयूसी, विमा. श्रीरामपूर आरटीओची एनओसी आणून नाशिकला नावावर झाली. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, त्यामुळे एमएच १७ च राहिली. तीन टनांच्या आतली मालवाहू असल्याने परमिट लागत नाही, आणि साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते का हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मिटवला: ७,५०० किलोपर्यंत येते.

सगळं धरून, गाडीच्या किमतीसकट, एक लाख नव्वदच्या आसपास गेले. त्यात इंजिनाचे साठएक हजार, बाकी टायर, हौद, रेडिएटर, बॅटरी, कागद. चालू गाडीच्या तेव्हाच्या भावापेक्षा कमीच, पण माझे आणि मिस्त्रींचे जे तास गेले ते यात धरलेले नाहीत. मजुरीवर सगळं करून घेणाऱ्याला हा सौदा परवडेलच असं नाही. तापमानाच्या काट्याचं म्हणाल तर पिंपळगावच्या फेरीत तो अर्ध्याच्या अलीकडे जाऊन थांबतो, उन्हाळ्यातही तिथेच.

आता गाडीला १५ वर्षं उलटून गेलीत. असल्या मालवाहू गाड्यांची फिटनेस फी केंद्राने २०२२ पासून कैकपट वाढवली आहे, त्यामुळे दरवर्षी पासिंगच्या वेळी विकायचा विषय निघतो. गिऱ्हाईकंही येतात, बोनेट उघडायला लावतात, ऑइल बघतात. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारा भाग, मात्र खरखरतो आणि ते मी आधीच सांगून टाकतो. द्राक्षाचा माल उतरला की गिअरबॉक्स उघडायचा आहे, मिस्त्रींना तारीख विचारून ठेवली आहे.